झटकेबाईंचं मनगट

परदेशातून येणाऱ्या टपालाच्या तपासणी कचेरीत चार टेबलं होती आणि चारही टेबलांवर माणसं होती, पण बाहेरच्या काउंटरवर येणारा जो तो एकाच टेबलाची चौकशी करायचा. "चाकूवाल्या बाई आल्यात का?" कचेरीतले लोक त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठ वळली की झटकेबाई. बाईंना ते ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. बाईंना आतून गुदगुल्या व्हायच्या. कचेरीत टोपणनाव पडणं ही एक प्रकारची बढतीच असते, फक्त पगार वाढत नाही.

झटका म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. घडीचा चाकू, म्हणजे पातं मुठीत मिटवून खिशात टाकायचा चाकू, बाहेरून आणायला तशी बंदी नव्हती. सहलीला जाणारे मागवतात, मासे पकडणारे मागवतात, आणि फळं कापायला म्हणून मागवून वर्षभर त्याने नुसती पाकिटं फोडणारेही असतात. बंदी होती ती चटकन उघडणाऱ्या चाकूवर. बटण दाबलं की पातं बाहेर, असा चाकू बंद. आणि बटण नसलं तरी मनगटाच्या झटक्याने जो उघडतो, तोही बंद. नखाने पातं ओढून, दोन्ही हात लावून उघडावा लागतो, तो चालतो. नियमात शब्द एवढेच होते, 'मनगटाच्या झटक्याने'. कोणाच्या मनगटाच्या, हे नियम लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. त्यामुळे कित्येक वर्षं ते मनगट बाईंचंच होतं.

बाई झटका द्यायला उभ्या राहायच्या. बसून दिलेला झटका हा झटकाच नव्हे, असं त्यांचं मत. मिटलेला चाकू मुठीला धरायचा, कोपर अंगाशी घ्यायचं आणि मनगट खाली असं हाणायचं की शेजारच्या टेबलावरचे कागद हलावेत. खट् आवाज झाला, पातं बाहेर येऊन अडकलं, की चाकू लाल ट्रेमध्ये. आवाज नाही झाला तर हिरव्या. तक्रार नाही, वाद नाही. एकदा एका व्यापाऱ्याने "बाई, जरा हळू द्या की झटका" असं म्हणून पाहिलं होतं. बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या वेळी त्याने नुसते चमचे मागवले.

गेल्या हिवाळ्यात या मनगटाने दगा दिला.

आधी घरी कळलं. ओला टॉवेल पिळताना अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत कळ गेली आणि टॉवेल तसाच ठिबकत दोरीवर टाकावा लागला. मग बरणीचं झाकण निघेना. मग एके दिवशी कचेरीत एक काळ्या मुठीचा चाकू आला. तसले चाकू बाईंनी पूर्वी डझनांनी लाल ट्रेमध्ये टाकले होते. बाई उभ्या राहिल्या, झटका दिला, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दिला. पातं अर्ध्या बोटाएवढं बाहेर आलं आणि लाजल्यासारखं थांबलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. चाकू हिरव्या ट्रेमध्ये गेला.

डॉक्टर म्हणाले, "शीर दबलीय. ऑपरेशन करता येईल, पण पहिल्यासारखा जोर येईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हाताला ताण देऊ नका. काम काय करता?"

"टेबलावरचं," बाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. पण खरं सांगायचं तर काय झालं असतं, तेही बाईंनी पाहिलेलं होतं. त्यांच्याच कचेरीत क्ष-किरण यंत्रावर बसणाऱ्या एका गृहस्थांची नजर अधू झाली, त्यांनी भाबडेपणाने अर्ज केला, आणि त्यांना बंदरावरच्या गोदामात पोती मोजायला धाडलं. मग त्यांचं नाव हळूहळू कोणी काढेनासं झालं. बाईंच्या हाताला तर पोत्याची दोरीही सोडवली नसती. म्हणजे गोदाम, आणि गोदाम झेपत नाही म्हणून घर. झटका गेला की बाई उरतात किती, हा प्रश्न त्या स्वतःला विचारायच्या आणि उत्तर येण्याआधी दुसरं काहीतरी काम काढायच्या.

तेव्हा बाईंनी मूग गिळले. चाकू हातात घेऊन उभं राहायचं, झटक्याचा आविर्भाव करायचा आणि उघडणार की नाही हे अंदाजाने ठरवायचं. बिजागरी बघायची, वजन बघायचं, पातं बोटाने हलवून बघायचं. अंदाज बरेचदा बरोबर येत असेलही. पण 'असेलही'वर कोणाला झोप लागत नाही.

कारण चाकू जातात कुठे? खिशांत. आणि खिसे जातात कुठे, हे कोणाला सांगता येणार? बाईंचे यजमान पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. सकाळी चहाबरोबर मोठ्याने पेपर वाचायची त्यांना सवय. पूर्वी बाई ऐकल्यासारखं करायच्या. आता त्या खरोखर ऐकायच्या. 'बसस्टॉपवर बाचाबाची, एक जखमी' असं काही आलं की त्या कप खाली ठेवायच्या. "कशाने मारलं, लिहिलंय का हो?" त्या विचारायच्या. यजमान चष्म्यावरून बघायचे. "धारदार शस्त्राने. दरवेळी हेच लिहितात. तुला काय करायचंय?"

असे काही महिने गेले. मग तो हिरवा चाकू आला.

खरं तर तो दोनदा आला, आणि भानगड तिथेच होती. सहलीचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने हिरव्या मुठीच्या घडीच्या चाकूंची एक पेटी मागवली. नमुन्याचा चाकू बाईंच्या टेबलावर आला, बाईंनी अंदाजाने हिरव्या ट्रेमध्ये टाकला, पेटी सुटली, चाकू विकले गेले. दुकानदाराने खूश होऊन तशीच दुसरी पेटी मागवली. त्या दिवशी बाई रजेवर होत्या. टेबलावर नवी बसली होती. नवी म्हणजे वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी, अजून कायम व्हायची होती. तिला झटका बाईंनीच शिकवला होता. तिने चाकू उचलला, उभी राहिली, कोपर अंगाशी घेतलं, आणि खट्. पेटी अडकली.

दुकानदाराचा एजंट कचेरीत येऊन बसला. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. तो खुर्ची ओढून असा बसायचा की जणू लग्नाची बोलणी करायला आलाय. "साहेब," तो म्हणाला, "तोच कारखाना, तोच चाकू, तोच रंग. बाईंच्या हातून सुटतो आणि या मॅडमच्या हातून अडकतो. आम्ही समजायचं काय?"

साहेबांना तक्रारीची अॅलर्जी होती. पूर्वी याच टेबलावर बसणाऱ्या एकाने पैसे खाऊन पेट्या सोडल्या होत्या. तो घरी गेला, आणि त्याच्या वरच्या साहेबांची अशा जागी बदली झाली की तिथे फोनही लागत नसे. तो किस्सा या साहेबांना तोंडपाठ होता. त्यांनी बाईंना आणि नवीला केबिनमध्ये बोलावलं.

"परवा फेरतपासणी," ते म्हणाले. "माझ्यासमोर. बाई, तुम्ही स्वतः झटका द्यायचा. तुमच्या हातावर आख्ख्या खात्याचा विश्वास आहे. नाही उघडला तर पेटी सोडू." मग नवीकडे वळून म्हणाले, "आणि तसं झालं तर तुझ्या कायम होण्याचं मला अवघड होईल बरं का. मागे तू ती खेळण्यांची पेटी अडवलीस, तेव्हाही तक्रार आली होती. सारखी सारखी सारवासारव मी करू शकत नाही."

 बाहेर येऊन बाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण पुरत्या कात्रीत सापडलोय. झटका दिला आणि चाकू नाही उघडला, तर ही पोर घरी जाणार, आणि तिचं बरोबर असताना जाणार. झटका दिला आणि चाकू उघडला, तर साहेब विचारणार, मग पहिली पेटी सोडलीत कशी? आणि या टेबलावर असला प्रश्न एकदा विचारला गेला की पुढचा प्रश्न 'किती घेतले' हाच असतो. इतकी वर्षं एक पेन्सिल कोणाकडून घेतली नव्हती बाईंनी. तिसरा रस्ता होता तो खरं सांगायचा, आणि त्या रस्त्याच्या शेवटी बंदरावरचं गोदाम होतं.

दुपारी बाई हात धुवायला गेल्या तर नवी तिथे आरशासमोर नुसतीच उभी होती. नळ चालू होता.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"मी चुकले का? म्हणजे तुम्ही शिकवलं तसंच केलं मी. पण तुमच्या हातून नाही उघडला म्हणजे माझंच काहीतरी... मी जास्त जोर लावला का?"

तिच्या आवाजात आशा होती. चूक आपली निघाली तर निदान कोडं तरी सुटेल, असा तो आवाज होता. बाईंनी नळ बंद केला. म्हणावंसं वाटलं, अगं नाही, तुझं मनगट आहे आणि माझं नाही, इतकंच आहे. तोंडून निघालं ते वेगळंच. "परवा बघू. उगीच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस." आणि स्वतःचा जीव टांगणीला लावून त्या बाहेर पडल्या.

घरी आल्यावर बाईंनी कपाटातून घडीचा कंगवा काढला. पूर्वी पुरुष खिशात ठेवत असत तसला, दात मुठीत मिटणारा. न्हाणीघराचं दार लोटून घेतलं आणि डाव्या हाताने झटका द्यायला लागल्या. डावा हात बिचारा आयुष्यभर फक्त कागद धरायला वापरलेला. त्याला हे काय चाललंय तेच कळेना. कंगवा एकदा साबणाच्या डबीत गेला, एकदा बादलीत. मग उजव्या हाताने एक दिला. कळ अशी आली की बाईंनी ओठ दाताखाली धरला. कंगवा मिटलेलाच.

दार किलकिलं झालं. यजमान उभे होते.

"काय करतेयस?"

"व्यायाम."

यजमानांनी कंगव्याकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं. "साखरेच्या बरणीचं झाकण हल्ली सहज निघतं की नाही तुझ्याने?"

"निघतं. का?"

"मी रोज सकाळी सैल करून ठेवतो. सगळीच ठेवतो. लोणच्याची सोडून, ती मलाही निघत नाही." त्यांनी दार पुरतं उघडलं. "मला वाटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगशील."

बाई न्हाणीघरातल्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. काळा चाकू, हिरवा चाकू, नवी, परवा. यजमानांनी ऐकून घेतलं. सल्ला देण्याची त्यांना हौस फार, पण या वेळी "अवघड आहे बुवा," एवढंच ते म्हणाले, आणि कंगवा पुसून कपाटात ठेवला.

फेरतपासणीच्या सकाळी बाई नेहमीपेक्षा लवकर पोचल्या. मनगटावर घट्ट पट्टी बांधली होती आणि तिच्यावरून लांब बाहीचा स्वेटर चढवला होता. साहेबांच्या केबिनमध्ये टेबल मोकळं करून मधोमध तो हिरवा चाकू ठेवलेला. एजंट खुर्चीत, पायावर पाय. नवी भिंतीशी उभी, दोन्ही हात पाठीमागे. शिक्षा झालेल्या मुलीसारखी ती उभी होती, आणि शिक्षा अजून व्हायची होती.

"चला बाई," साहेब म्हणाले. "होऊन जाऊ दे."

बाईंनी चाकू उचलला. कोपर अंगाशी घेतलं. त्यांनी मनातल्या मनात हाताला विनवलं, एकदाच, पुन्हा मागणार नाही. आणि झटका दिला. कळ खांद्यापर्यंत गेली. पातं हललंही नाही.

"पुन्हा एकदा," साहेब म्हणाले.

पुन्हा दिला. बाहेर कोणीतरी शिक्का मारला. पातं मिटलेलंच.

एजंटने पायावरचा पाय खाली घेतला. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकून पेन उचललं. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. नवी रडत नव्हती. ती मान हलवत होती, हळूहळू, स्वतःशीच, आपलीच चूक होती हे पटल्यासारखी. बाईंना ते बघवेना. दुसरं काहीही चाललं असतं, आरडाओरडा, शिव्या, पण हे पटणं नको होतं.

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. "माझं मनगट गेलंय. हिवाळ्यापासून. चाकू उघडतो, माझ्या हाताला उघडता येत नाही. ती पहिली पेटी मी चुकून सोडली. त्याच्या आधीच्याही सोडल्या असतील. किती, ते मला सांगता येणार नाही. तिला द्या, ती उघडून दाखवेल."

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी चाकू नवीच्या हातात ठेवला. नवीने एकदा साहेबांकडे पाहिलं आणि झटका दिला. खट्.

बाईंना वाटलं, आता छत कोसळेल. पण छत तसंच होतं. साहेब पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले. आश्चर्य म्हणजे पहिल्यांदा बोलला तो एजंट.

"बाईंना बरं नाहीसं दिसतंय," तो मऊ आवाजात म्हणाला. "साहेब, मी म्हणतो कशाला वाढवायचं? हिवाळ्यापासूनच्या पेट्या म्हणजे माझ्याच किती दुकानदारांच्या असतील. माल विकला गेलाय. आता तो लोकांच्या खिशातून गोळा करत फिरायचं का?"

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. हे बघा, बिजागरी म्हटली की कधी घट्ट असते, कधी सैल. पहिल्या पेटीतली घट्ट होती, बाईंनी सोडली, योग्य केलं. या पेटीतली सैल आहे, हिने अडवली, तेही योग्य. पेटी कारखान्याला परत पाठवा, घट्ट करून आणा. कोणाचंच काही चुकलेलं नाही."

"पण साहेब, माझा हात..."

"बाई, तुमचा हात हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. मी काही ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलंत?" एजंटने कानांवर हात ठेवले. "तू?" नवीने खाली मान घातली. "मग झालं तर. आणि हिचे कायम व्हायचे कागद मी आजच वर पाठवतो." बाई दारापर्यंत पोचल्यावर साहेबांनी मागून हाक मारली. "उद्या चाकूंच्या आणखी दोन पेट्या आहेत. तुमच्याच टेबलावर."

चाकू झटकायला मनगट लागतं. हात झटकायला काहीच लागत नाही. साहेबांनी बसल्या जागी झटकले होते.

संध्याकाळी यजमानांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सुटलीस की! गोदाम नाही, काही नाही, ती पोरही वाचली." त्यांचा आनंद खरा होता, आणि बाईंना तो दुखवायचा नव्हता. त्या हसल्या. पण आतून त्यांना जशी धडकी भरली होती तशी इतक्या महिन्यांत भरली नव्हती. इतके दिवस त्यांना भीती होती की आपण पकडले जाऊ. त्या भीतीच्या तळाशी एक आधारही होता, की कधी ना कधी कोणीतरी पकडेल आणि हे थांबेल. आता कळलं होतं की कोणीच पकडणार नाही. त्यांनी तोंडाने सांगून पाहिलं, तरी नाही. उद्या पेट्या येतील, परवा येतील, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या उभ्या राहून खोटा झटका देत राहतील. सकाळी यजमान पेपर वाचत राहतील.

दुसऱ्या दिवशी पेट्या खरंच आल्या. पहिला नमुना बाईंनी हातात घेतला. लाकडी मूठ, पितळेची किनार, दिसायला देखणा. झटका दिला. उघडला नाही. म्हणजे काय, ते बाईंना कळेना. तो न उघडणारा होता की त्या न उघडू शकणाऱ्या होत्या? अंदाज करून पाहिला. अंदाज एकदा हिरव्या ट्रेकडे जाई, एकदा लालकडे. नवी पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून काम करत होती.

"जरा इकडे येतेस?" बाई म्हणाल्या. "एवढा एक बघून दे."

नवी उठली नाही. मान वर न करता, जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय, आपापल्या टेबलाचं आपण बघायचं. बाई, माझे कागद अजून वरून आले नाहीत. प्लीज."

बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. त्यांना ती भीती चांगली ओळखीची होती, कालपर्यंत ती त्यांच्याच टेबलावर बसायची. पण चाकू हातात होता आणि तो कुठल्या तरी ट्रेमध्ये जायचा होता. आणि मग कोणाच्या तरी खिशात. मग चाकू घेऊन त्या टेबलांच्या मधून चालत दार उघडून बाहेर काउंटरवर आल्या.

बाहेर नेहमीसारखी रांग होती. सगळ्यांत पुढे एक शिलाईकाम करणारी बाई, मशीनचा सुटा भाग सोडवून घ्यायला आलेली, गळ्यात मोजायची टेप तशीच. तिच्या मागे पुष्कळ माणसं, आणि त्यांत बाकावर तो एजंटही, पायावर पाय टाकून.

"तुमचं मनगट चांगलं आहे का?" बाईंनी विचारलं.

शिंपीणबाई गोंधळली. "आहे की. का हो?"

"हा धरा. कोपर अंगाशी. आता मनगट खाली झटका. जोरात."

"मी? मी कशाला? हे तुमचं काम ना?"

"माझं होतं," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात जोर राहिला नाही. हिवाळ्यापासून मी अंदाजाने चाकू सोडतेय. नियमात मनगट कोणाचं ते लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

रांगेत कुजबुज सुरू झाली आणि मागे मागे जात राहिली. एजंट बाकावरून उठला. शिंपीणबाईने चाकू हातात तोलला, कापड फाडण्याआधी तोलतात तसा, आणि झटका दिला. पहिला हुकला. दुसऱ्याला खट् आवाज झाला आणि पातं तिच्या डोळ्यांसमोर लखकन उघडलं. ती दचकून एक पाऊल मागे सरली. "अगं बाई. माझं काही चुकलं का?"

"नाही, तुमचं नाही चुकलं."

मागे केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला आणि साहेबांची पावलं काउंटरपर्यंत येऊन थांबली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"आता मिटवूनही द्या," त्या शिंपीणबाईला म्हणाल्या, रांगेच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मला जमत नाही."